पन्नास तासांची उधारी : ‘रेड डेड रिडेम्प्शन २’चा स्टोरी मोड

गेमचा स्टोरी मोड, म्हणजे त्यातली कथा खेळण्याचा भाग, किती तासांचा असावा, या प्रश्नाचे उत्तर गेम विकत घेताना एक असते आणि तो खेळून संपल्यावर बहुधा दुसरेच निघते. विकत घेताना आपण किमतीला तासांनी भागतो आणि भागाकार जितका लहान येईल तितका सौदा चांगला मानतो. शाळा-कॉलेजात असताना हा हिशेब मलाही पटत असे, कारण तेव्हा पैसे कमी आणि वेळ भरपूर होता. आता रात्री साडेदहानंतर, घर निजल्यावर, आठवड्यातून दोन-तीनदाच जेमतेम एक तास हाती लागतो. त्यामुळे पन्नास तासांचा गेम म्हणजे माझ्या आयुष्यातले चार-पाच महिने, असे दुसरे गणित मला मांडावे लागते. रॉकस्टार गेम्सचा ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ मी याच गणिताच्या धाकाने बराच काळ टाळला होता. अखेर तो पूर्ण केला, आणि त्याच्या लांबीविषयी माझे मत पुष्कळ बदलले. ते का बदलले हे सांगायचे तर कथेतील महत्त्वाचे प्रसंग उघड करावे लागतील. ज्यांना ते नको असतील त्यांनी येथेच थांबावे.

हा गेम २६ ऑक्टोबर २०१८ रोजी प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर आला आणि पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये संगणकावर. कथा १८९९ सालच्या अमेरिकेत घडते. डच व्हॅन डर लिंड नावाच्या बोलघेवड्या म्होरक्याची टोळी एका फसलेल्या दरोड्यानंतर बर्फाळ डोंगरांत लपली आहे आणि आपण खेळतो आर्थर मॉर्गन, म्हणजे डचचा उजवा हात. सहा प्रकरणे आणि त्यांच्यानंतर दोन भागांचा उपसंहार, अशी एकूण रचना आहे. इकडेतिकडे न रेंगाळता केवळ कथा पूर्ण करायची म्हटली तरी साधारण पन्नास तास लागतात, आणि शिकार, मासेमारी किंवा नुसती भटकंती यांत रमणाऱ्यांना त्याहून कितीतरी अधिक.

गेम बाजारात येण्याच्या सुमारास त्याचे एक प्रमुख लेखक डॅन हाउसर यांनी दिलेल्या मुलाखतीतील एक तपशील येथे सांगण्यासारखा आहे. गेम मुळात पासष्ट तासांच्या घरात गेला होता आणि त्यातले सुमारे पाच तास त्यांनी काढून टाकले. आर्थरच्या दोन प्रेमकथांपैकी एक त्याच कात्रीत गेली. साठ तास उरल्यावर कात्री चालवली असे म्हणणे ऐकायला गमतीचे वाटते, पण कापणाऱ्यांनी काहीतरी निकष लावला असणारच. (आठवड्याला शंभर तास काम केल्याचा उल्लेखही त्याच मुलाखतीत होता. त्यावरून गदारोळ उठल्यावर, ते चौघांच्या लेखनचमूपुरते आणि तीन आठवड्यांपुरतेच होते, असा खुलासा हाउसर यांनी केला. लांबीची किंमत खेळणाऱ्याआधी बनवणारे मोजतात, हे मात्र त्या निमित्ताने पुष्कळांच्या लक्षात आले.)

तो निकष कोणता असावा, याचे उत्तर मला दुसऱ्या प्रकरणातील एका मिशनमध्ये, म्हणजे खेळाडूला दिलेल्या कामगिरीत, सापडले, आणि तेही तीस तास उशिरा. टोळीत लिओपोल्ड स्ट्रॉस नावाचा एक सावकार आहे. अडलेल्या गरिबांना तो जबर व्याजाने पैसे देतो आणि वसुलीला आर्थरला धाडतो. या कर्जदारांपैकी एक आहे थॉमस डाउन्स नावाचा खंगलेला शेतकरी. आर्थर त्याच्या शेतावर जातो, कुंपणाशी त्याला धरून मारतो, आणि त्या झटापटीत डाउन्स खोकतो तेव्हा त्याच्या तोंडातले रक्त आर्थरच्या चेहऱ्यावर उडते. बायको आणि मुलगा धावत बाहेर येतात, आर्थर धमकी देऊन निघून जातो, मिशन संपते. मी ते खेळलो तेव्हा माझ्या सेव्ह फाइलवर सुमारे आठ तास झाले होते. प्रसंग किळसवाणा वाटला खरा, पण पुढे रेल्वे लुटायची होती, मेंढरे हाकायची होती, कैदेतले सहकारी सोडवायचे होते. त्या रगाड्यात मी डाउन्सला साफ विसरून गेलो.

पाचव्या प्रकरणापर्यंत आर्थर अधूनमधून खोकू लागतो. त्याच प्रकरणात पुढे तो सेंट डेनिस शहराच्या रस्त्यावर कोसळतो आणि डॉक्टर त्याला क्षयाचे निदान सांगतो. तेव्हा माझ्या खात्यावर जवळजवळ चाळीस तास जमा झाले होते, आणि त्या दवाखान्यातून आर्थर अडखळत बाहेर पडला तेव्हा मला ते कुंपण आठवले. मारण्यासाठी बटण मीच दाबले होते. सहा-सात तासांच्या गेममध्ये हाच कथाभाग घातला असता, तर पहिला प्रसंग दुसऱ्याच्या वेळी ताजाच राहिला असता आणि चार पावले आधीच अंदाज बांधून आपण मोकळे झालो असतो. येथे लेखकांना आपले विस्मरण हवे होते, आणि विस्मरणाला तास लागतात. स्टोरी मोडची लांबी कथेच्या कामाला जुंपलेली असावी म्हणतात, ती अशी.

लेनीचेही तसेच. व्हॅलेंटाइन नावाच्या चिखलाने भरलेल्या गावात आर्थर आणि टोळीतला तरुण पोरगा लेनी दारू प्यायला बसतात. ‘एक घोट घेऊ’ म्हणून सुरू झालेली ती संध्याकाळ पार हाताबाहेर जाते. आर्थरला प्रत्येक चेहरा लेनीचाच दिसू लागतो आणि आपण झोकांड्या खात, गुत्ताभर लेनीच्या नावाने ओरडत हिंडतो. कथेचा काटा या मिशनने तसूभरही पुढे सरकत नाही. मिनिटे मोजणारा संपादक ते पहिल्या झटक्यात उडवील. पण चौथ्या प्रकरणाच्या अखेरीस बँकेचा दरोडा फसतो आणि छपरांवरून पळताना लेनीला गोळी लागते, तेव्हा त्या रिकामटेकड्या संध्याकाळीचे व्याज एकरकमी भरावे लागते.

घोड्याबद्दल हेच अधिक ठळकपणे म्हणता येईल. माझ्या घोड्याचे नाव मी काळू ठेवले होते. त्याच्या अंगावरचा चिखल ब्रशने काढणे, त्याला गाजरे भरवणे, बुजला की मान थोपटणे या गोष्टींत माझे किती तास गेले ते मी मोजलेले नाहीत. मोजले असते तर लाज वाटली असती. शेवटच्या पाठलागात तो घोडा गोळी लागून कोसळतो आणि मागे पाठलाग चालू असतानाही आर्थर त्याच्याशेजारी गुडघे टेकतो. त्या क्षणी कंट्रोलर हातात तसाच धरून मी बसून राहिलो.

मात्र या गेममध्ये प्रत्येक तासाची अशी वसुली होते असे मुळीच नाही. मिशनांचा साचा तिसऱ्या प्रकरणापर्यंत तोंडपाठ होतो: दोघे घोड्यांवरून गप्पा मारत कोठेतरी जातात, ठरवलेला बेत पाच मिनिटांत फसतो, मग खडकाआड किंवा पिंपाआड दडून वीस-पंचवीस माणसे मारायची आणि पुन्हा घोड्यावर. डच दर वेळी नवा बेत सांगतो, थोड्या पैशांची गरज आणि थोडा विश्वास मागतो. टोळीचा भ्रमनिरास दाखवण्यासाठी ही पुनरुक्ती हवी, हे मला मान्य आहे; चौथ्यांदा तेच आश्वासन ऐकल्यावर मलाही आर्थरसारखाच वीट आला, म्हणजे युक्ती साधली. पण आश्वासनाच्या पुनरुक्तीबरोबर गोळीबाराचीही पुनरुक्ती येते आणि तिला काहीच सांगायचे नसते. सहाव्या प्रकरणात तर ज्याला चार पायऱ्या चढताना धाप लागायला हवी तो क्षयरोगी मनुष्य एका लढाईतून उठून दुसऱ्या लढाईत जातो. तेथील तीन-चार चकमकी वगळल्या असत्या तर आजारपणाला अधिक जागा मिळाली असती.

शिवाय ज्या गेमचे जग इतके मोकळे, त्याची मिशने कमालीची सोवळी आहेत. सांगितलेल्या वाटेपासून थोडे बाजूला गेलात, शत्रूला निराळ्या दिशेने गाठायचा विचार केलात, की मिशन फसल्याची पाटी झळकते. आठ-दहा तासांच्या गेममध्ये असे बोट धरून चालवणे खपून जाते. पन्नास तास तेच चालले की लांबी जाणवू लागते, कारण हातांना नवे काही शिकायला मिळत नाही. पाचव्या प्रकरणात टोळीतले काहीजण ग्वार्मा नावाच्या उष्ण बेटावर फेकले जातात. हे प्रकरण सर्वांत छोट्या प्रकरणांपैकी एक असूनही मला सर्वांत लांब वाटले, ते याचमुळे. तेथे घोडा नाही, तळ नाही, भटकंतीला फारशी जागा नाही, राहतो तो फक्त गोळीबार.

हालचालींचा संथपणा हा वेगळा विषय आहे, आणि त्याबाबत मी बहुसंख्यांच्या विरुद्ध आहे. तळावर पळता येत नाही, चालावेच लागते. कपाटाचा एकेक खण उघडून एकेक डबा हाताने उचलावा लागतो. हरिण मारले की आर्थर सुरी काढून त्याचे कातडे सोलतो, ते गुंडाळून खांद्यावर टाकतो आणि घोड्याच्या पाठीवर नेऊन ठेवतो, आणि हे सारे प्रत्येक वेळी संपूर्ण पाहावे लागते. अनेकांना यात निव्वळ वेळकाढूपणा दिसला. मला मात्र पहिल्या आठवड्यानंतर त्या चालीची सवय झाली, आणि दिवसभराच्या कामानंतर कोणीतरी आपल्याला सक्तीने सावकाश चालवते आहे, हे सुखाचेही वाटू लागले. तरीही चाळिसाव्या कातड्यापाशी माझा संयम सुटला, हे नोंदवले पाहिजे.

नोकरदार खेळाडूची एक अडचण इतक्या लांबीच्या कोणत्याही गेममध्ये येतेच. दिवाळीत आम्ही गावी गेलो आणि सोळा दिवसांचा खंड पडला. परतल्यावर पहिल्याच संध्याकाळी व्हॅलेंटाइनच्या दुकानदाराला नमस्कार करायला मी सवयीने कंट्रोलरचे डावे ट्रिगर दाबले. हाती पिस्तूल आहे हे ध्यानात नव्हते, त्यामुळे ते सरळ त्याच्यावर रोखले गेले. तो हात वर करून उभा, मी बटणे शोधतो आहे, आणि दोन मिनिटांत शेरीफ माझ्या मागे. चूक सर्वस्वी माझ्या बोटाची होती. कथेचे धागे मात्र सुटले नाहीत, याचे श्रेय आर्थरच्या रोजनिशीला द्यावे लागेल. प्रत्येक मोठ्या प्रसंगानंतर तो तीत चार ओळी लिहितो, एखादे चित्र काढतो, आणि खंडानंतर परतणाऱ्याने ती पाने चाळली की मागचे सारे लक्षात येते. लांब कथा सांगणाऱ्या प्रत्येक गेममध्ये अशी सोय असायला हवी.

दुसऱ्या टोकाचे उदाहरण आपल्या जवळचे आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओचा ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ हा गेम २०२० साली आला, आणि त्याचा स्टोरी मोड पाच-सहा तासांत संपतो. सर्कशीत काम करणारी राजी असुरांनी पळवून नेलेल्या गोलू या धाकट्या भावाच्या शोधात निघते आणि विष्णू आणि दुर्गा यांच्या संवादातून कथा पुढे सरकते. राजस्थानी वास्तुशिल्पाची आठवण देणारे महाल आणि सावल्यांच्या बाहुल्यांच्या खेळासारखे कटसीन (कथा सांगणारी, नुसती पाहायची दृश्ये) यांमुळे त्यात कंटाळायला सवडच मिळत नाही. मी तो दोन रविवारांत संपवला. तरीही शेवट आला तेव्हा वाटले की कोणीतरी मधूनच पान फाडले. त्या गेमला पन्नास तासांची काहीच गरज नव्हती, आणखी एक तास मात्र हवा होता, आणि तोही शेवटाकडे. मोजक्या माणसांच्या चमूला तो एक तास केवढ्याला पडला असता याची कल्पना असल्याने ही तक्रार मी जपूनच करतो.

सह्याद्रीच्या कर्नाटकातील रांगांत आणि होयसळांच्या भग्न नगरांत घडणारा ‘अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी’ हा २०१७ चा गेम मला या बाबतीत सर्वांत नेमका वाटतो. तो आधी मोठ्या गेमची पुरवणी म्हणून योजला होता, पुढे स्वतंत्र झाला. सात-आठ तासांत दोन स्त्रियांची मैत्री जुळते, तुटते, सांधली जाते आणि कथा थांबते. पण त्यात आर्थरसारखे कोणाला माझ्या देखत झिजायचे नव्हते.

उरला ‘रेड डेड रिडेम्प्शन २’चा उपसंहार, ज्यावरून खेळणाऱ्यांत तट पडलेले आहेत. आर्थर मरतो, आठ वर्षे उलटतात आणि गेम आपल्याला टोळीतल्याच जॉन मार्स्टनच्या अंगात घालून प्रॉन्गहॉर्न नावाच्या गुरांच्या वाडीवर आणून सोडतो. तेथे गाईचे दूध काढायचे, शेण ओढायचे, नंतर कर्ज काढून जमीन घ्यायची आणि खिळे ठोकून घर उभारायचे. नायक गेल्यावर आणखी सहा-सात तास कशासाठी, असा त्रागा मीही पहिल्या रात्री केला. मग रोजनिशी उघडली. तीच वही, पण अक्षर बदललेले. जॉनचे, थोडे ओबडधोबड. मागची पाने उलटली की आर्थरची चित्रे तशीच असतात. त्यानंतर घर बांधताना मला घाई झाली नाही.

म्हणून विकत घेणाऱ्यांना माझी शिफारस अशी की किमान चार महिने हाताशी असतील तरच हा गेम सुरू करावा, तिसऱ्या प्रकरणात मुख्य कथेबाहेरच्या साइड मिशनांचा हव्यास धरू नये, आणि आर्थरच्या शेवटाशी गेम बंद करू नये. माझ्या एका मित्राने नेमके तेच केले. त्याचा जॉन दोन वर्षे झाली, अजून प्रॉन्गहॉर्नच्या गोठ्यात शेण ओढतो आहे.