पेकोचा ९ मिमी नॅरो गेज ट्रॅक: बार्शी लाइट करणाऱ्यांनी डोळे झाकून घ्यावा

माझ्या एचओ स्केलच्या (१:८७, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान) बार्शी लाइट रेल्वेच्या मॉडेलसाठी मॉडेल ट्रॅक बनवणाऱ्या पेको कंपनीचा ९ मिमीचा फ्लेक्सिबल (हवा तसा वळवता येणारा) ट्रॅक मागवला. बार्शी लाइनचं गेज (दोन रुळांमधलं अंतर) ७६२ मिमी होतं. त्याला ८७ ने भागलं की पावणेनऊ मिमी येतं, म्हणजे हा ट्रॅक जवळजवळ तंतोतंत बसतो. माथेरानवाल्यांनी मात्र थांबावं. तिथलं गेज ६१० मिमी, म्हणजे याच स्केलला ७ मिमी हवं. ९ वर ती गाडी फेंगडी दिसते.

काहीजण खर्च वाचवायला एन गेजचा, म्हणजे आणखी लहान स्केलच्या ब्रॉडगेज मॉडेलांचा ट्रॅक वापरतात. रुंदी तीच, पण स्लीपर (रुळांखालच्या आडव्या पट्ट्या) बारीक आणि दाट, त्यामुळे लांबून बघितलेलं ब्रॉडगेज वाटतं. पेकोचे स्लीपर जाड, विरळ आणि मुद्दाम थोडे वाकडेतिकडे. खडी टाकून वर मातकट रंगाचा हात मारला की काय जीव येतो!

वळण घेताना आतला रूळ पुढे सरकतो. तो कटरने कापून टोक कानशीने घासा, मगच जॉइनर (दोन रूळ जोडणारी क्लिप) चढवा. आणि आपल्या नाशिकचा मे लक्षात ठेवा: उन्हाळ्यात रूळ प्रसरण पावतात, म्हणून सांध्यात व्हिजिटिंग कार्डाएवढी फट हवीच.

किंमत जास्त आहे, पण पैसे वसूल. विक्रेत्याने नुसत्या पुठ्ठ्यात पाठवल्याने एक तुकडा वाकला. मागवताना पीव्हीसी पाइपात पॅक करायला सांगा.

यावरच पुढे मेन रोड ते नाशिक रोड धावणारी आपली घोड्यांची ट्राम करणार आहे. तीही नॅरो गेजच होती. कुणाकडे डब्यांचे जुने फोटो असतील तर जरूर कळवा.