ब्रसेल्सचे राजकारण वाचायचे, तर वर्गणी कोणाची भरावी?

युरोपीय संघाची धोरणे नियमितपणे वाचायची ठरवली, की इंग्रजीत प्रामुख्याने चार वृत्तमाध्यमांची नावे पुढे येतात: पोलिटिको युरोप, युरॅक्टिव्ह, ईयूऑब्झर्व्हर आणि द पार्लमेंट मॅगझीन. विषय चौघांचा एकच असला, तरी कायदा कोणत्या टप्प्यावर असताना कोण अधिक उपयोगी पडतो, यात मोठा फरक आहे आणि निवड त्यावरूनच करावी, असे माझे मत आहे.

तिथली रीत अशी, की युरोपीय आयोग मसुदा मांडतो, संसद आणि मंत्री परिषद आपापली भूमिका ठरवतात, आणि त्यानंतर तिघांच्या वाटाघाटी बंद दाराआड होतात. त्यांना ट्रायलॉग म्हणतात. जंगलतोडविरोधी नियमाचे उदाहरण घ्या. कॉफी, कोको, रबर, लाकूड अशा मालाला लागू होणाऱ्या या नियमाची अंमलबजावणी वर्षभर पुढे ढकलताना संसदेने १४ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘जोखीम नसलेले देश’ असा, सौम्य अटींचा, नवा वर्गही सुचवला. परंतु डिसेंबरच्या सुरुवातीला झालेल्या वाटाघाटींत तो वर्ग गळून पडला आणि केवळ मुदतवाढ उरली. ज्याने नोव्हेंबरची बातमी वाचून पुढे पाहिलेच नाही, त्याची समजूत तीन आठवड्यांत खोटी ठरली.

पोलिटिको युरोप २०१५ साली, युरोपियन व्हॉइस हे जुने साप्ताहिक विकत घेऊन सुरू झाले. कोणता गट कोणावर रुसला, कोणते पद कोणाला मिळणार, मसुद्याची फुटलेली प्रत काय सांगते, हे त्याच्याइतके चटकन दुसरीकडे क्वचितच मिळते. त्याचे रोज सकाळचे वार्तापत्र मोफत असल्याने सुरुवात तिथून करायला हरकत नाही. मात्र सशुल्क ‘प्रो’ सेवा कंपन्या, वकील आणि लॉबिंग करणाऱ्या संस्थांसाठी आहे, तिच्या वाटेला एकट्या वाचकाने जाऊ नये. व्यक्तींच्या चुरशीत कलमे मागे पडतात, हा त्याचा दोष मला नेहमी जाणवतो.

१९९९ पासूनचे युरॅक्टिव्ह त्या मानाने रुक्ष आहे, पण शेती, ऊर्जा, आरोग्य अशी विषयवार मांडणी असल्याने एकाच नियमाचा माग महिनोन्‌महिने काढता येतो. अभ्यासकाने किंवा निर्यात सल्लागाराने एकच निवडायचे असेल, तर मी हेच सुचवेन. २०२३ मध्ये ते मीडियाहाउस या बेल्जियन समूहाकडे गेले.

ईयूऑब्झर्व्हर २००० साली सुरू झाले. नफ्यासाठी न चालणारी ही लहान संस्था मानवी हक्क, स्थलांतर, परराष्ट्र धोरण यांवर चिकाटीने लिहिते. दर कलमाची नोंद तिथे मिळणार नाही, परंतु पत्रकारितेच्या विद्यार्थ्याने तिची वर्गणी जरूर भरावी.

द पार्लमेंट मॅगझीन संसदेभोवती फिरते आणि त्यात खासदारांचे स्वतःच्या नावाने लिहिलेले लेख असतात. एखाद्या समितीतील सदस्य कोणत्या बाजूला झुकतो आहे हे त्यातून कळते, पण तो मजकूर भूमिका म्हणूनच वाचावा, बातमी म्हणून नव्हे. प्रायोजित मजकुराची पट्टी शोधण्याची सवय तर चौघांच्याही बाबतीत लावून घ्यावी.

नाशिककडच्या द्राक्ष निर्यातदाराला मात्र यांपैकी एकाचीही वर्गणी भरून पूर्ण संरक्षण मिळत नाही. २०१० च्या हंगामात सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वॅट क्लोराइड या वेलींची वाढ आवरणाऱ्या रसायनाच्या, फळांत उरलेल्या अंशामुळे आपले कंटेनर युरोपात अडकले होते. अशा अंशांच्या मर्यादा संसदेच्या गाजलेल्या चर्चांत ठरत नाहीत. आयोग आणि सदस्य देशांच्या तज्ज्ञांची स्थायी समिती त्या बदलते, आणि तिथल्या कामकाजात बातमीदाराला चमचमीत काही सापडत नाही. ज्या रसायनासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला सर्वसाधारणपणे किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमची मर्यादा लागते. ही माहिती युर-लेक्स या अधिकृत संकेतस्थळावर ३९६/२००५ क्रमांकाच्या नियमाखाली फुकट वाचता येते, आणि फवारणीचे वेळापत्रक ठरवण्याआधी तिथली ताजी दुरुस्ती पाहून घ्यावी.