पडलेल्या भावातला कॅमेरा

निकॉनचा डी७५० मी पाच वर्षं लांबूनच पाहत होतो. सप्टेंबर २०१४ मध्ये तो आला तेव्हा नुसत्या बॉडीचा, म्हणजे लेन्सशिवाय, भाव सव्वा लाखाच्या वर होता. नाशिकमध्ये लग्न-मुंजीची कामं करणाऱ्या माझ्यासारख्याला ते झेपणारं नव्हतं. २०१९ च्या दिवाळीत अधिकृत दुकानात तो ८६ हजारांना मिळत होता, पक्क्या बिलासह. बायको म्हणाली, "घेऊन टाका एकदाचा." मी म्हटलं, नवं मॉडेल येऊ दे, अजून दहा-पंधरा हजार तरी उतरेल.

जानेवारी २०२० मध्ये डी७८० जाहीर झाला. आपल्याकडे त्याचा भाव दोन लाखांच्या घरात. जुन्याचा भाव उतरला खरा, पण ज्या दुकानात विचारावं तिथे "स्टॉक संपला." भाव तळाला जातो तेव्हा कंपनीचा खरा नवा माल बहुतेक उठलेला असतो, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलंच नाही. त्यानंतर 'नवा' म्हणून जो फिरतो तो कुठून येतो, हा प्रश्न मी स्वतःला विचारायला हवा होता. त्याऐवजी मी मुंबईत फोन लावत बसलो.

बोरा बाजारातल्या एका दुकानदाराने सांगितलं, "आहे ना साहेब, सीलपॅक. अडुसष्ट." (त्या गल्लीत नीट धंदा करणारी दुकानंही आहेत, माझ्या नशिबी हे आलं.)

मी अभ्यास करून गेलो होतो, हीच तर गंमत. या मॉडेलच्या काही कॅमेऱ्यांत दोष निघाला होता आणि कंपनीने ते फुकट दुरुस्त करून दिले होते. दुरुस्त झालेल्याच्या ट्रायपॉड सॉकेटमध्ये, म्हणजे तळाशी स्टँड बसवायच्या भोकात, काळा ठिपका असतो. ठिपका दिसला आणि मी स्वतःवर खूश. चार्जरच्या पिना चपट्या, आपल्याकडच्यासारख्या गोल नव्हेत, सोबत अडॅप्टर दिलेला, तेही पाहिलं. "इम्पोर्टेड आहे साहेब, वॉरंटी दुकानाची." बिल मागितलं तर म्हणाला, "जीएसटीचे अठरा टक्के वर लागतील." बारा हजार वाचवायला मी कच्च्या पावतीवर रोख मोजली. पावतीवर फक्त 'कॅमेरा १ नग'. सिरीयल नंबर नाही.

पंधरा दिवसांनी एका स्टुडिओवाल्या मित्राने फोटोची मूळ जेपेग फाइल मागितली. निकॉनच्या फाइलमध्ये शटर, म्हणजे फोटो काढताना उघडझाप करणारा पडदा, किती वेळा पडलं याचा आकडा लपलेला असतो. आकडा निघाला ४६,३१२. मी जेमतेम नऊशे फोटो काढले होते. मग मेनूत बॅटरीची माहिती उघडली. नव्या बॅटरीचं वय तिथे ० दिसतं, संपत आलेलीचं ४. माझं होतं २.

ग्रे मार्केटचा माल म्हणजे कंपनीच्या अधिकृत वाटेबाहेरून आलेला, इथल्या वॉरंटीविना, पण निदान नवा तरी. माझा तोही नव्हता. वापरलेली बॉडी पुसून, पकडीचं रबर बदलून, खोक्याला नवं सील मारून तो माझ्या हातात दिला होता. खोक्यावरच्या लेबलचा कोपरा नखाने उचलला तर खाली दुसऱ्या लेबलचा गोंद.

मुंबईला जायचं ठरवलं तोवर मार्च संपत आला आणि लॉकडाऊन लागलं. दुकान उघडल्यावर गेलो तर तो शांतपणे म्हणाला, "चार महिने तुमच्याकडेच होता ना साहेब? लग्नाची कामं करता, चाळीस हजार काय सहज होतात." लग्नं बंद होती हो, पण ते सिद्ध कसं करणार? ग्राहक हेल्पलाइनवर पहिलाच प्रश्न आला: बिल आहे का, त्यावर सिरीयल नंबर आहे का?

दुकानातच स्वतःचं कार्ड घालून एक फोटो काढला असता आणि मोबाइलवर आकडा तपासला असता, तर दोन मिनिटांत सगळं उघड झालं असतं. कॅननच्या बहुतेक फाइलींत मात्र हा आकडा मिळत नाही, तिथे ही युक्ती चालणार नाही.

कॅमेरा अजून चालतोय. या शटरची चाचणी दीड लाख वेळांची आहे, त्यामुळे फोटोंबद्दल तक्रार नाही. मागच्या वर्षी विकायला काढला तर जळगावच्या एका मुलाचा फोन आला. त्याने पहिल्याच वाक्यात विचारलं, "काका, शटर काउंट किती?" मी खरा आकडा सांगितला, त्यातले माझे किती आणि आधीचे किती तेही. तो म्हणाला, "काउंट नऊशेवर असताना घेतला होता म्हणा ना, मला पुढे विकताना बरं पडेल. कोण बघतंय."

विकला नाही.