अरोवानासाठी घरी पाळलेले रातकिडे: पावसाळा-हिवाळा काढल्यानंतरचा अनुभव

पैसे वाचतील म्हणून रातकिडे पाळायला घेणार असाल तर राहू द्या. घरात एकच सिल्व्हर अरोवाना मासा असेल तर दुकानातले किडेच स्वस्त पडतात. तरीही मी हे बंद करणार नाही. विकतचा किडा बहुतेकदा उपाशी असतो आणि उपाशी किडा म्हणजे नुसतं टरफल. घरचा किडा आदल्या दिवशी गाजर आणि शेवग्याचा पाला खाऊन टम्म असतो. गेको (पाळीव पाल) वगैरे पाळणाऱ्यांना मात्र एवढ्यावर भागत नाही. रातकिड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी कमी, त्यामुळे वरून कॅल्शियमची पूड लावावीच लागते. मासा थोडंफार कॅल्शियम पाण्यातूनही घेतो.

माझ्याकडे आहेत ते काळे, पंखांच्या मुळाशी दोन पिवळट ठिपके असलेले. परदेशी व्हिडिओंत दिसतो तो तपकिरी, ‘हाउस क्रिकेट’ जातीचा रातकिडा मुद्दाम टाळला. त्याला डेन्सोव्हायरस या विषाणूची लागण होते. २००९-१० च्या सुमारास अमेरिकेतले मोठमोठे फार्म या रोगाने बसले होते. काळ्यांना तो सहसा बाधत नाही.

मांडणी साधी आहे. उंच, गुळगुळीत प्लास्टिकचा क्रेट (त्यावर त्यांना चढता येत नाही), आत पुठ्ठ्याचे अंड्यांचे ट्रे उभे लावलेले, झाकणाला स्टीलची जाळी. नायलॉनची जाळी ते कुरतडतात. खायला कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य आणि गव्हाचा कोंडा. प्रथिनं कमी पडली की एकमेकांना खातात, तेव्हा तिथे काटकसर नको. पाण्याची वाटी ठेवू नका, पिल्लं बुडून मरतात. ओला स्पंज किंवा गाजराच्या चकत्या पुरतात.

अंड्यांसाठी ओल्या कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) डबा, त्यावर जाळी. मादी मागची सुईसारखी नळी जाळीतून खाली खुपसते आणि बाकीच्यांना अंडी उकरून खाता येत नाहीत. तीस अंशांच्या आसपास ऊब असेल तर दहा-बारा दिवसांत मुंगीएवढी पिल्लं बाहेर पडतात आणि साधारण दीड-दोन महिन्यांत मोठी होतात. पुण्याच्या डिसेंबरात मात्र हे गणित कोलमडतं. मी अंड्यांचा डबा हीट मॅटवर, थर्माकोलच्या खोक्यात ठेवतो. गारठा वाढला की नरांची किरकिरही संथ होते, थर्मामीटर बघावाच लागत नाही.

पावसाळ्याचा त्रास वेगळा. दमट हवेत कोंड्याला बुरशी येते, विष्ठा ओली झाली की अमोनियाचा भपकारा सुटतो आणि मग एका रात्रीत अख्खी तुकडी गार. झाकण मोठं कापून हवा खेळती ठेवा, उरलेली भाजी रोज काढा.

परदेशी व्हिडिओंत दोन गोष्टी कोणी सांगत नाही. एक, मुंग्या. स्टँडच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या हव्यातच, नाहीतर पिल्लं शिल्लक राहत नाहीत. दुसरी, डासांसाठी लावायचं लिक्विडचं मशीन. ते डासांइतकंच रातकिड्यांनाही मारतं, त्यामुळे ज्या खोलीत क्रेट तिथे मच्छरदाणी. भाजीवरच्या फवारणीचंही तेच. कोथिंबीर-पालक धुऊनही मी टाळतो.

आता आवाज. हा खरा प्रश्न. ओरडतात फक्त नर, तेही शेवटची कात टाकून पंख फुटल्यावर. म्हणून पंख फुटायच्या आधीच बहुतेक नर माशाच्या पोटात जातात. मादीला मागे तिसरी शेपटी (तीच अंडी घालायची नळी) दिसते, तिच्यावरून निवडणं सोपं आहे. चार-पाच माद्यांमागे एक नर पुरे. तो एकटाही घर डोक्यावर घेतोच, त्यामुळे क्रेट ड्राय बाल्कनीत गेलाय. आईचं मत विचाराल तर तिथेही तो जवळच आहे.