सहा महिन्यांचं ऑनलाइन मेंटॉरिंग: गाणं कुठे सुधारलं, पैसे कुठे वाया गेले

दर पंधरवड्याला एक तास, अशी बारा सत्रं. मधल्या दिवसांत पाठवलेल्या डेमोवर (गाण्याच्या कच्च्या रेकॉर्डिंगवर) लेखी शेरे. गीतलेखन, अरेंजमेंट (कोणतं वाद्य कुठे, काय वाजवणार), मिक्स (सगळ्या आवाजांचा तोल जमवणं) आणि ‘स्वतःचा साउंड’ एवढं सगळं कबूल केलेलं. मिक्सपुरतं बोलायचं तर जे सांगितलं ते फुकटच्या व्हिडिओंतही सापडतं. खरी कमाई झाली ती शब्द आणि चाल यांच्या सांध्यावर.

एक ओळ घ्या: ‘दिवस बुडाला गावापल्याड’. मूळ चालीत सम (तालाची पहिली मात्रा) ‘दि’वर होती आणि तो सूर दोन मात्रा ताणलेला, त्यामुळे कानावर सरळ ‘दीवस’ पडायचं. शब्द बदलायची गरजच नव्हती. ‘दि-व-स-बु’ ही चारही अक्षरं लघू, म्हणून ती समेच्या आधीच्या एका मात्रेत पाव-पाव मात्रेवर बसवली आणि ‘डा’ समेवर आणला. ८४ बीपीएमला (मिनिटाला ८४ ठोके) ती चार अक्षरं एकमेकांवर आदळत होती. ७६ ला सुटी झाली.

दुसरी खोड डमी शब्दांची, म्हणजे चाल बांधताना तात्पुरत्या घातलेल्या शब्दांची. इंग्रजीसारख्या बडबडीवर चाल बांधली की ओळ बंद (व्यंजनावर संपणाऱ्या) अक्षरावर तुटते. ‘वाट’, ‘मन’ गाताना मात्र शेवटचा अ थोडा तरी उच्चारावा लागतो, म्हणजे एक सूर जास्त हवा. तो नंतर घुसडला की ठेच लागल्यासारखं वाटतं. डमी मराठीतच ठेवा, अर्थ नसला तरी चालेल.

अरेंजमेंटमध्ये ढोलकी आणि बास गिटार यांचं भांडण सोडवायला दोन सत्रं गेली, आणि ती सार्थकी लागली. ढोलकीच्या डाव्या पुडीचा (कातडी तोंडाचा) घुमारा आणि बासचा मूळ सूर दोन्ही खालच्याच पट्टीत गर्दी करतात. नवशिका लगेच ईक्यू (आवाजातला खर्ज किंवा टीप कमी-जास्त करणारं साधन) उघडतो. इथे आधी बासचे सूर कमी करायला लावले: जिथे पुडी घुमते तिथे बास गप्प. मग ढोलकी गाण्याच्या स्वरात लावून पुन्हा रेकॉर्ड केली. ईक्यूला फारसं काम उरलं नाही.

फाइली पाठवायची शिस्त पहिल्या दिवशीच सांगायला हवी होती, ती चौथ्या सत्रात सांगितली. सगळे स्टेम (प्रत्येक वाद्याची किंवा आवाजाची वेगळी फाइल) ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, प्रत्येक फाइल गाण्याच्या शून्य सेकंदापासून सुरू (नाहीतर समोरच्याकडे कोरस भलत्याच ठिकाणी वाजतो), नावात बीपीएम आणि स्वर. मास्टरवर (सगळे आवाज एकत्र होतात त्या शेवटच्या ट्रॅकवर) लिमिटर, म्हणजे आवाजाला वरची मर्यादा घालणारं साधन, नको; पीक (सगळ्यात मोठा क्षण) −६ डीबीच्या आसपास. आणि रेफरन्स गाणं (नमुना म्हणून निवडलेलं दुसऱ्याचं तयार गाणं) तुलनेला लावताना त्याचा आवाज आपल्या डेमोइतका खाली आणा. मोठ्याने वाजणारं नेहमीच बरं वाटतं.

व्हिडिओ कॉलवर गाणं ऐकवू नका. ॲपमधलं गोंगाट गाळणारं सेटिंग तानपुऱ्याचा सलग नाद पंख्याचा आवाज समजून खाऊन टाकतं. ते बंद केलं तरी आवाज दाबूनच पोचतो. फाइल आधी पाठवायची, दोघांनी आपापल्याकडे वाजवायची, कॉलवर फक्त ‘१:१२ ला काय झालं’ एवढं बोलायचं.

आता ‘स्वतःचा साउंड’. व्यायाम चांगला होता: तीन गाणी, प्रत्येकात पाचच आवाज, त्यातला एक घरात रेकॉर्ड केलेला. पितळी परातीवर बोटांनी वाजवलेला ठेका शेवटी तिन्ही गाण्यांत टिकला. पण पाचव्या महिन्यात मेंटॉरनी आपली व्होकल चेन (गायकाच्या आवाजावर लावायच्या इफेक्ट्सचा तयार संच, म्हणजे प्रीसेट) आणि तयार आवाजांच्या तुकड्यांचं सॅम्पल फोल्डर दिलं, आणि नंतरचे दोन्ही डेमो त्यांच्याच कामासारखे वाजू लागले. तो प्रीसेट काढून कोरडा (इफेक्ट नसलेला) आवाज ऐकला की कळतं आपलं किती उरलंय. लेखी शेरेही तेव्हा आठ-आठ दिवस उशिरा येत होते, हेही नोंदवून ठेवतो.

फी भरण्याआधी हक्कांचं लिहून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शब्द, संगीत आणि ध्वनिमुद्रण हे तीन वेगवेगळे हक्क आहेत. मेंटॉरनी ध्रुवपदाची चाल बदलली तर संगीतात त्यांचा वाटा किती, की फीमध्येच ते आलं? हा प्रश्न इथे नवव्या सत्रात, ध्रुवपद बदलून झाल्यावर निघाला. साधा ईमेल पुरला असता, पण तो पहिल्या सत्राआधी जायला हवा होता.