नाटकाचं फुटेज, मोठी डिस्क आणि लिनक्स: नेमकं काय घ्यावं?

दिवाळी सरली की पूर्व विदर्भातल्या वडसा, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या भागात झाडीपट्टी नाटकांचा हंगाम लागतो आणि तो ओसरतो न ओसरतो तोच लग्नसराई येते. तालुक्याच्या गावी स्टुडिओ चालवणाऱ्याला या दिवसांत झोप कमी आणि फुटेज जास्त. त्यातल्या काहींनी जुन्या डेस्कटॉपवर मिंट किंवा उबंटू हे लिनक्स बसवलंय, एडिटिंग केडेनलाइव्हवर होतं. आणि मग ठरलेली तक्रार कानावर येते: ‘चार टीबीची डिस्क घेतली भाऊ, पण कॉपी लय हळू होते. लिनक्समुळं होते का? का एसएसडीच घेऊन टाकू?’

माझं मत आधीच सांगून टाकतो. नव्या डिस्कवर पैसे घालण्याआधी केबल आणि फॉरमॅट बघा. घ्यायचीच असेल, तर रोजच्या साठवणीसाठी खिशात मावणारी मोठी हार्ड डिस्क सोडून दुसरं काहीतरी घ्या.

हिशोबाला एक नाटक धरू. पाच तासांचा प्रयोग, दोन कॅमेरे, दोन्ही ५० मेगाबिटवर. एका कॅमेऱ्याचे तासाला साडेबावीस जीबी होतात, म्हणजे रात्रीचे एकूण २२५ जीबी. हे चार वाटांनी कसे जातील ते बघा. वेग सेकंदाला मेगाबाइटमध्ये आहे, आणि डब्यावर छापलेला नाही, तर प्रत्यक्ष हाताशी येतो तो. (एसएमआर आणि सीएमआर या हार्ड डिस्कच्या दोन जाती, त्यांचं पुढे ‘डिस्कची जात’मध्ये सांगतो. एसएसडी म्हणजे फिरता भाग नसलेली, चिपवाली डिस्क.)

| वाट | वेग | २२५ जीबीला वेळ |
|---|---|---|
| यूएसबी २ चं पोर्ट, डिस्क कोणतीही | ३५ | पावणेदोन तास |
| पोर्टेबल एसएमआर डिस्क, दमल्यावर | २० | तीन तासांच्या वर |
| साडेतीन इंची सीएमआर डिस्क, यूएसबी ३ | १५० | २५ मिनिटं |
| साटा एसएसडी, यूएसबी ३ | ४०० | साडेनऊ मिनिटं |

शेवटची ओळ पाहून लगेच ऑर्डर टाकू नका. फुटेज कुठून येतंय तेही बघायला हवं. कॅमेऱ्यातली नेहमीची यूएचएस-१ कार्डं साध्या रीडरमध्ये सेकंदाला १०४ मेगाबाइटच्या वर जात नाहीत, बहुतेक तर त्याच्याही खालीच राहतात. म्हणजे कार्डावरून थेट कॉपी करताना २२५ जीबीला किमान ३६ मिनिटं जाणारच, समोर कितीही महागडी एसएसडी असो. कार्ड रीडर यूएसबी २ चा असेल तर पुन्हा पावणेदोन तास. कॉम्प्युटरमधली डिस्कही साधी हार्ड डिस्क असेल, तर तिथून एसएसडीवर जातानाही १५० च्या आसपासच अडकणार. एसएसडीचा खरा फायदा दोन्ही टोकं वेगवान असतील तेव्हाच, किंवा डिस्कवरूनच थेट एडिटिंग करायचं असेल तर.

पोर्ट आणि केबल

इथे खर्च सगळ्यात कमी आणि फरक सगळ्यात जास्त. यूएसबी ३ चं पोर्ट आतून बहुधा निळं असतं, पण रंगावर विसंबू नका. डिस्क जोडून टर्मिनलमध्ये ‘एलएसयूएसबी -टी’ (lsusb -t) द्या (कमांड अर्थातच इंग्रजी लिपीत टाइप करायची). डिस्कच्या ओळीच्या शेवटी ४८०एम दिसलं तर ती यूएसबी २ वर धावतेय, ५०००एम दिसलं तर ३ वर. त्याच ओळीत ड्रायव्हरही दिसतो. ‘यूएएस’ असेल तर उत्तम, ‘यूएसबी-स्टोरेज’ असेल तर जुनी पद्धत चालू आहे, थोडी हळू.

डिस्क निळ्या पोर्टात असूनही ४८० दिसत असेल, तर केबल हातात घ्या. पोर्टेबल डिस्कची मूळ केबल रुंद तोंडाची असते, मध्ये खाच असलेली. ती लग्नाच्या धावपळीत हरवते आणि मग कोणीतरी जुन्या मोबाइलच्या चार्जरची बारीक केबल लावतं. ती त्या रुंद खाचेच्या अर्ध्या भागात अगदी चपखल बसते, डिस्क सुरूही होते, कोणाला शंका येत नाही. फक्त वेग यूएसबी २ चा मिळतो. अशी केबल वापरून ‘लिनक्स स्लो आहे’ म्हणणाऱ्याला डिस्क विकणं सोपं आहे, पण गरज नव्या केबलची असते. डेस्कटॉपवर यूएसबी ३ नसेलच तर मदरबोर्डावर बसणारं यूएसबी ३ कार्ड मिळतं, डिस्कच्या मानाने स्वस्तात.

पट्टी पळते, मग थिजते

‘पहिले दीड जीबी झरकन जातात आणि मग कॉपी मरते’ ही तक्रार मात्र खरंच लिनक्सच्या सवयीतून येते. लिनक्स फाइल आधी रॅममध्ये घेतो आणि डिस्कवर मागाहून उतरवतो. मोकळ्या रॅमच्या १० टक्क्यांपर्यंत न उतरलेला माल साचला की पाठीमागे लिहिणं सुरू होतं, २० टक्क्यांवर गेला की कॉपी करणाऱ्या प्रोग्रामलाच थांबवलं जातं. आठ जीबी रॅमच्या मशीनवर म्हणूनच सुरुवातीचा एखाद-दीड जीबी विजेसारखा जातो. तो वेग रॅमचा असतो. उलट शेवटी पट्टी १०० टक्के दाखवते, पण ‘इजेक्ट’ केल्यावर डिस्क सुटत नाही. त्या क्षणी केबल ओढली की शेवटच्या फाइली अर्धवट. नाटकाचा तिसरा अंक असा गेला तर निर्मात्याला तोंड दाखवायची सोय राहत नाही.

यावर उपाय आहे. ‘व्हीएम.डर्टी_बाइट्स’ (vm.dirty_bytes) ला २५६ एमबी आणि ‘व्हीएम.डर्टी_बॅकग्राउंड_बाइट्स’ (vm.dirty_background_bytes) ला ६४ एमबी इतका आकडा सिस्टीमच्या सेटिंगमध्ये घालायचा. आकडा पूर्ण बाइटमध्ये लिहावा लागतो. याने एकूण वेळ वाचत नाही, हे नीट समजून घ्या. पट्टी खरं बोलू लागते, इजेक्ट लवकर होतं आणि कॉपी चालू असताना बाकीचं मशीन गुदमरत नाही.

एनटीएफएस, एक्सफॅट की ईएक्सटी४

फॉरमॅट म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत. बाजारातून आणलेली मोठी डिस्क एनटीएफएस किंवा एक्सफॅटमध्ये येते. बरेच जण तशीच वापरतात.

एनटीएफएसचं लिनक्सवर दुहेरी प्रकरण आहे. जुना एनटीएफएस-३जी ड्रायव्हर कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, बाहेरून चालतो आणि प्रोसेसर खातो, जुन्या ड्युअल कोअर मशीनवर तर कॉपीचा वेग तिथेच अडतो. २०२१ मध्ये कर्नल ५.१५ सोबत ‘एनटीएफएस३’ हा आतला ड्रायव्हर आला, तो बराच हलका आहे. तुमच्याकडे कोणता चालू आहे हे ‘माउंट’ कमांडच्या यादीत कळतं. ‘फ्यूजबीएलके’ (fuseblk) दिसलं तर जुना. आणखी एक डोकेदुखी: विंडोजवर डिस्क नीट न काढता ओढलेली असेल, तर लिनक्स ती फक्त वाचण्यापुरती उघडतो किंवा उघडतच नाही. मग दुरुस्तीसाठी विंडोजवाला शोधत फिरा.

एक्सफॅट २०२० पासून कर्नल ५.७ मध्ये चांगल्या अवस्थेत आहे. विंडोज, मॅक, कॅमेरा, नवे टीव्ही सगळीकडे चालतं, ४ जीबीपेक्षा मोठी फाइल घेतं. म्हणून गिऱ्हाइकाला द्यायच्या डिस्कसाठी तेच. पण त्यात जर्नल नाही. लिहिताना लाइन गेली तर काय लिहून झालं आणि काय राहिलं याची नोंदच नसते, आणि आपल्याकडे लाइन कधी जाते याचा भरवसा नाही. हजारो छोट्या फाइली, म्हणजे फोटो अल्बमचे थंबनेल वगैरे, तिथे जागाही फुकट जाते.

स्वतःच्या साठवणीसाठी ईएक्सटी४ला मला तोड दिसत नाही. जर्नल आहे, वेग चांगला, लिनक्सच्या घरचं. तोटा एकच पण मोठा: विंडोज ते सरळ वाचत नाही, डिस्क जोडली की ‘फॉरमॅट करायचं का’ विचारतो आणि दुकानातला पोरगा ‘हो’ म्हणून मोकळा होतो. डिस्कवर ठळक चिठ्ठी चिकटवा. ईएक्सटी४ करताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, ५ टक्के जागा सिस्टीमसाठी राखून ठेवली जाते. चार टीबीत ते २०० जीबी झाले, म्हणजे जवळपास एक अख्खं नाटक. ‘ट्यून२एफएस -एम ०’ (tune2fs -m 0) ने ती जागा परत मिळते. दुसरं, नव्याने फॉरमॅट केलेली मोठी डिस्क पहिल्यांदा जोडल्यावर मागच्या मागे स्वतःच्या तक्त्यांची जुळवाजुळव करत बसते. आपण काहीच कॉपी करत नसतो तरी दिवा लुकलुकत राहतो, आणि कॉपी लावली तर हळू जाते. डिस्क बिघडलेली नाही. रात्रभर जोडून ठेवा, सकाळपर्यंत शांत होते.

फॅट३२ मोठ्या डिस्कवर नको. विषय संपला.

डिस्कची जात

अडीच इंची पोर्टेबल डिस्कमध्ये, विशेषतः मोठ्या क्षमतेच्या, आता बहुतेक एसएमआर तंत्र असतं. डेटाच्या पट्ट्या कौलारू घराच्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवून ठेवतात. त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त मावतं. पण मधली पट्टी बदलायची तर तिच्यावर चढलेल्या पुढच्याही परत लिहाव्या लागतात. हे काम टाळायला डिस्क नवा माल आधी एका राखीव जागेत घेते आणि सवडीने जागेवर लावते. राखीव जागा भरली की वेग १५-३० वर येतो, कधी क्षणभर शून्यावरही.

म्हणून कोरी डिस्क पहिल्यांदा भरताना तक्रार नसते. गेल्या हंगामाचं पुसून त्यावर या हंगामाचं टाकायला गेलात की रडगाणं सुरू होतं. एकदा भरून कपाटात ठेवायची असेल तर ही डिस्क वाईट नाही. रोज घासायची असेल तर घेऊ नका. सीएमआर म्हणजे पट्ट्या एकमेकींवर न चढवता शेजारी शेजारी ठेवणारी जुनी पद्धत. एसएमआर की सीएमआर हे डब्यावर सहसा लिहिलेलं नसतं. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतल्या काही डिस्क न सांगता एसएमआर निघाल्या होत्या, तो गाजावाजा झाल्यानंतर कंपन्यांनी मॉडेलनिहाय याद्या दिल्या. मॉडेल नंबर त्या यादीत बघून मगच पैसे द्या.

साडेतीन इंची सीएमआर डिस्क आणि यूएसबी ३ चा डॉक (उघडी डिस्क खोचायचा स्टँड) ही जोडी दिसायला ओबडधोबड, पण टीबीमागे स्वस्त आणि वेग टिकवून धरणारी. तिला १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो, त्यामुळे ती टेबलावरच बरी. डॉकमध्ये डिस्क बदलता येते, दरवर्षीच्या हंगामाला वेगळी डिस्क ठेवता येते.

एसएसडीबद्दल एवढंच: स्वस्तातली क्यूएलसी (एका पेशीत चार बिट कोंबणारी) एसएसडी घेतलीत तर तिचीही एक राखीव जागा असते, आणि ती भरल्यावर मोठ्या कॉपीत वेग १०० च्या आसपास किंवा त्याहूनही खाली उतरू शकतो. शूटिंगच्या जागेवर धक्के, धूळ, बैलगाडी, मोटारसायकलची डिक्की हे सगळं सोसायला मात्र एसएसडीच. फिरता भाग नाही, पडली तरी चालते.

लाइन आणि ऊन

लॅपटॉप आणि पोर्टेबल डिस्क असेल तर लाइन गेल्याचं फारसं काही वाटत नाही. डेस्कटॉप आणि डॉकवाल्याने दोन्हींचे प्लग इन्व्हर्टरवर घ्यावेत. नुसत्या सीपीयूला बॅकअप देऊन डॉकचा अडॅप्टर भिंतीत ठेवला, तर कॉपी मधेच तुटणार. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण असतं, ते चालू ठेवलं तर बदल होताना कॉम्प्युटर बंद पडायची शक्यता कमी होते. कॉपीसाठी फाइल मॅनेजरऐवजी ‘आरसिंक -ए --पार्शल --इन्फो=प्रोग्रेस२’ (rsync -a --partial --info=progress2) वापरा. मधेच तुटलं तर पुन्हा तीच कमांड द्यायची, आधी गेलेल्या फाइली ते सोडून देतं. एक्सफॅटवर ‘-ए’ऐवजी ‘-आरटी’ (-rt) द्या, नाहीतर मालकी-परवानगीच्या तक्रारींची रांग लागते. आणि एका हार्ड डिस्कवर दोन कॉप्या एकदम लावू नका. डोकं इकडून तिकडे धावतं आणि दोन्ही रखडतात.

मे महिन्यात ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या पुढे जातो. बऱ्याच पोर्टेबल डिस्कच्या माहितीपत्रकात वापराची मर्यादा ३५ अंश लिहिलेली असते. तेव्हा मोठी कॉपी रात्री किंवा पहाटे लावा. डिस्क थंड राहावी म्हणून कूलरच्या थेट तोंडाशी ठेवणारे आहेत. त्या हवेत पाणी असतं, तसं करू नका.

मग घ्यायचं काय?

एका जागी बसून काम करणाऱ्या स्टुडिओला: साडेतीन इंची सीएमआर, डॉक, ईएक्सटी४. शूटिंगला फिरणाऱ्याला: ५०० जीबी किंवा एक टीबीची एसएसडी एक्सफॅटमध्ये, घरी आल्यावर फुटेज मोठ्या डिस्कवर उतरवून ती मोकळी करायची. बजेट एकाच डिस्कचं असेल आणि कॉम्प्युटरला यूएसबी ३ नसेल, तर आधी यूएसबी ३ कार्ड, मग डिस्क. शाळेचे फोटो, सातबाऱ्याचे स्कॅन असला थोडा माल वर्षातून एकदा ठेवायचा असेल तर पोर्टेबल हार्ड डिस्क पुरेशी आहे, तिला नावं ठेवायचं कारण नाही.

ऑनलाइन कुठे ‘१६ टीबी पोर्टेबल एसएसडी’ कवडीमोलाने दिसली तर हात लावू नका. आत छोटं मेमरी कार्ड असतं आणि क्षमता खोटी दाखवलेली असते, फाइली वरून नीट दिसतात पण आत डेटा नसतो. कोणतीही नवी डिस्क आली की ‘एफ३’ हे साधन चालवून ती पूर्ण भरून आणि परत वाचून तपासा. मोठ्या डिस्कला यात दिवस-दीड दिवस जाऊ शकतो, म्हणून परत करायची मुदत संपायच्या आत, आलेल्या दिवशीच लावा.