३०×६० छापलेली दुर्बीण घेऊ नका, डोंगरातल्या शिकारीला तर नाहीच

डोंगरातल्या शिकारीसाठी दुर्बीण घ्यायच्या विचारात असाल तर आधी हे वाचा आणि मग खिशात हात घाला. मला ३०×६० म्हणून जी विकली ती निघाली जेमतेम ८×३२, आणि तीपण धड नाही. (पहिला आकडा पॉवर, म्हणजे वस्तू किती पट मोठी दिसते; दुसरा पुढच्या लेन्सची रुंदी मिलिमीटरमध्ये.)

झालं असं की परवान्याच्या शिकारीला जायचं ठरलं होतं आणि तिथे बंदुकीपेक्षा दुर्बीणच जास्त वेळ हातात असते, एका जागी बूड टेकून समोरचा उतार तासन्‌तास पिंजून काढायचा तेव्हा कुठे खडकाआडून एखादं शिंग दिसलं तर दिसलं. विक्रेत्याला मी साधं विचारलं होतं, ८ पॉवरची घेऊ की १० ची? तर म्हणाला, "साहेब, ८-१० आता कोण घेतं, डोंगरात लांबचं बघायचंय ना, ही ३० ची घ्या, १००० मीटर रेंज आहे, रात्रीपण चालते." आणि अंगावर छापलेलं दाखवलं, ३०×६०, त्याखाली १२६ मी/१००० मी. लेन्स लालभडक, ते म्हणे रुबी कोटिंग, भारी दुर्बिणीतच मिळतं.

आता त्या १००० मीटरचं ऐका. ती रेंज नाहीच. १००० मीटर लांब बघताना एका वेळी १२६ मीटर रुंदीचा भाग दिसतो एवढाच त्याचा अर्थ. रेंजबिंज दुर्बिणीला नसते हो, चंद्र तर नुसत्या डोळ्यांनी पण दिसतो. तर १२६ मीटरचे होतात साधारण ७.२ अंश, त्याला पॉवरने गुणलं की आत बघताना गोल केवढा रुंद वाटेल ते ढोबळमानाने कळतं, नेहमीच्या दुर्बिणींत हे ५० ते ७० अंशांच्या आसपास येतं. ७.२ गुणिले ३० करा. २१६! म्हणजे स्वतःच्या कानामागचं पण दिसायला हवं. आणि ७.२ गुणिले ८ केलं की येतात ५७-५८, हे कसं नीट बसतं. थापेचा पुरावा त्यांनीच अंगावर छापून दिलेला होता.

पण हे गणित नंतरचं, आधी डोंगरात काय झालं ते. संध्याकाळी उजेड उतरायला लागला की जनावर चरायला बाहेर पडतं, खरा वेळ तोच. सोबत्याकडे १०×४२ होती, त्याने समोरच्या उतारावर नर हेरला आणि मला सांगतोय, पांढऱ्या दगडाच्या डावीकडे बघ, बसलाय, कान हलतोय. मला पांढरे दगडच दोन दिसत होते! दोन्ही नळ्या एका रेषेत नव्हत्या, डोळे ओढून ओढून चित्र जुळवायचं आणि दहा मिनिटांत डोकं ठणकायला लागायचं. त्यात त्या रुबी कोटिंगने सगळा डोंगर हिरवा-निळा करून टाकलेला, कारण ते कोटिंग लाल रंगाचा उजेड बाहेरच परतवतं आणि तपकिरी अंगाचं जनावर ओळखायला नेमका तोच लागतो. कडेला तर सगळं पुसट. शेवटी त्याचीच दुर्बीण मागून घेतली तेव्हा कान दिसला.

परत आल्यावर मोजमाप केलं, हे तुम्ही दुकानात उभ्या उभ्या पण करू शकता. डोळ्याकडच्या बाजूने थोड्या अंतरावरून टॉर्च मारा आणि पुढच्या लेन्ससमोर अगदी जवळ कागद धरा, उजेडाचा गोल किती मिलिमीटरचा पडतो ते पट्टीने मोजा. ६० छापलंय तर ६० च्या आसपास यायला हवा. माझी पुढची काच बाहेरूनच ४० ची होती आणि गोल पडला ३२ चा, म्हणजे आत कुठेतरी भोक बारीक करून ठेवलंय. मग दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे बघा (सूर्याकडे नाही बाबांनो), डोळ्याकडच्या काचेत छोटा उजळ ठिपका दिसतो, तो माझा ४ मिलिमीटर भरला. ३२ भागिले ४, आठ, हीच खरी पॉवर. एवढंही नको असेल तर विटांच्या भिंतीकडे एका डोळ्याने दुर्बिणीतून आणि दुसऱ्याने तसंच बघा, दुर्बिणीतली एक वीट बाहेरच्या किती विटांएवढी होते ते मोजा, तेवढी पॉवर.

बरं, समजा खरंच ३० पॉवर असती तरी डोंगरात काय उपयोग? ६० भागिले ३० म्हणजे ठिपका २ मिलिमीटरचा, डोळ्यात उजेड जातो तो त्या ठिपक्यातूनच, आणि अंधार पडायला लागला की आपल्या डोळ्याची बाहुली ५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त उघडते, चित्र काळंच दिसणार. चढून आल्यावर छाती धपापत असते तेव्हा १० पॉवर पण हातात हलते, ३० ला तर स्टँडशिवाय काहीच दिसणार नाही. दुपारी दगड तापले की हवा थरथरते, ती थरथर पण पॉवरच्या पटीत मोठी होते.

माझं मत विचाराल तर हातात धरून बघायला १०×४२, हात कापत असेल किंवा झाडीतून जायचं असेल तर ८×४२, आणि समोरासमोरचे लांब उतार बसून बघायचे असतील तर १२×५० किंवा १५×५६, पण मग ट्रायपॉड हवाच, आणि तो पाठीवर आपल्यालाच वाहायचा असतो हे लक्षात ठेवा. झूमवाल्या दुर्बिणींच्या नादी लागू नका, कमी पॉवरला पण त्यात नळीतून बघितल्यासारखं दिसतं आणि दोन्ही नळ्या झूम करताना सारख्या राहतीलच असं नाही.

विक्रेत्याचं पुढे काय? आधी म्हणाला फोटो पाठवा. टॉर्चचे, पट्टीचे सगळे पाठवले. मग म्हणाला आकडा कंपनीने छापलाय, आम्ही काय करणार. मग शेवटी लेन्सला बोटाचे ठसे आहेत म्हणून परत घेता येणार नाही. पट्टीच्या फोटोंसकट रिव्ह्यू टाकला तर तो दोन दिवसांत गायब, "चंद्र एकदम क्लिअर दिसतो" वाले मात्र सगळे जागच्या जागी. परवा बघितलं तर तीच दुर्बीण, तीच लाल लेन्स, आता ४०×६० म्हणून लावलीय. खाली १२६ मी/१००० मी तेवढं तसंच ठेवलंय.